गोठलेला पडदा आणि खोळंबलेले दफ्तर

वैशाख संपत आला की भंडारा जिल्ह्यात उन्हाळी धानाची कापणी आणि मळणी उरकू लागते, आणि वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांतून शेतकरी सातबाराचा उतारा, आधार कार्ड व बँकेचे पासबुक पिशवीत घालून आधारभूत खरेदीच्या ऑनलाइन नोंदणीसाठी केंद्राकडे येऊ लागतात. ही लगबग ओसरते न ओसरते तोच दहावी-बारावीचे निकाल लागतात आणि उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा, नॉन-क्रीमीलेअरचा असे नाना दाखले मागणाऱ्या विद्यार्थ्यांची व पालकांची रीघ ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांपुढे लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली अंमलात आल्यापासून दाखल्याची मुदत ठरलेली आहे. परंतु तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि खुद्द भंडारा या सातही तालुक्यांत त्या मुदतीचा प्रत्यक्ष भार ज्याच्या शिरावर पडतो तो बहुधा टेबलाखाली ठेवलेला, बरीच वर्षे वापरात असलेला एक डेस्कटॉप संगणक असतो. अशा ऐन गर्दीच्या वेळी, निम्मा अर्ज भरून झालेला असताना पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थिजते, कळफलकावर काहीही दाबले तरी अक्षर उमटत नाही, आणि केंद्रचालक मागे वळून ‘हँग झालं’ किंवा ‘सर्व्हर डाऊन आहे’ यांपैकी काहीतरी सांगतो.

ही दोन्ही वाक्ये समोर बसलेल्या माणसाला सारखीच वाटतात, कारण दोहोंचा परिणाम त्याच्यापुरता एकच असतो. मात्र कारणांच्या दृष्टीने त्यांत फार मोठे अंतर आहे. सर्व्हर मंद असेल तर दोष दूर कोठेतरी असतो, पानावर चक्र फिरत राहते, पण पडद्यावरील बाकीचे व्यवहार चालू असतात आणि केंद्रचालकाला वाट पाहण्यापलीकडे करण्यासारखे काही उरत नाही. पडदाच गोठला असेल तर दोष त्याच खोलीत, बहुतेक वेळा चित्र रेखाटणाऱ्या यंत्रणेत आणि तिच्या ड्रायव्हरमध्ये असतो. आणि त्यावर त्याच खोलीत बसून पुष्कळ काही करता येते. असे असूनही आपल्याकडे एकच उपाय सर्वत्र रूढ झाला आहे: बटन दाबून धरायचे आणि यंत्र सक्तीने बंद करायचे. त्याने भरलेला अर्ज तर जातोच, पण चकतीवर लिहिले जात असलेले दफ्तरही अर्धवट राहण्याचा संभव असतो. म्हणून या गोठण्यामागे काय घडते, आणि मूळ दुखणे बरे होईपर्यंत काम चालू कसे ठेवावे, याचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर पडद्यावरील प्रत्येक ठिपका स्वतः रंगवीत बसत नाही. ते काम ग्राफिक्स चिपकडे असते, मग ती वेगळ्या कार्डावर बसवलेली असो की प्रोसेसरच्याच पोटात सामावलेली असो. कार्यक्रमांकडून ‘येथे चौकट काढा, येथे हे अक्षर ठेवा, हे चित्र वर सरकवा’ अशा आज्ञा येतात. त्या आज्ञांचे त्या विशिष्ट चिपला समजेल अशा भाषेत रूपांतर करून त्यांची रांग लावणारा जो मध्यस्थ, तो ड्रायव्हर. भंडाऱ्याच्या वाचकाला हा व्यवहार कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांवरून चटकन कळेल. तलावातील पाणी तुडुंब असते, धानाच्या बांध्या तहानलेल्या असतात, आणि पाणी तुडूमापासून, म्हणजे तलावाच्या पाणी सोडण्याच्या तोंडापासून, पाटाने एका बांधीतून दुसरीत उतरत जाते. वरच्या एखाद्या बांधीचे तोंड गाळाने बुजले की तलावात पाणी असूनही खालचे सारे शेत कोरडे पडते. गोठलेल्या पडद्यामागे नेमके असेच होते. प्रोसेसर जागा असतो, स्मृतीत अर्ज शाबूत असतो, चकती फिरत असते; रांगेच्या तोंडाशी असलेली एक आज्ञा चिपकडून पुरी होत नाही, आणि तिच्या मागच्या हजारो आज्ञा खोळंबून राहतात.

यंत्र जिवंत आहे की नाही हे ओळखण्याच्या काही सोप्या खुणा आहेत, आणि त्या प्रत्येक केंद्रचालकाला ठाऊक असायला हव्यात. कळफलकावरील नम लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागणे वा मालवणे हे मुख्य कार्यप्रणालीच्या हुकमावर अवलंबून असते, म्हणून दिवा प्रतिसाद देत असेल तर कार्यप्रणाली शुद्धीवर आहे आणि केवळ चित्राचे काम अडले आहे, असा बराच भक्कम निष्कर्ष काढता येतो. गाणे किंवा चलच्चित्र चालू असेल आणि चित्र थांबूनही आवाज येत राहिला तर अर्थ तोच. माऊसचा बाण मात्र फसवा साक्षीदार आहे. ग्राफिक्स चिप बाणाचे चित्र बहुधा निराळ्या थरावर ठेवते, त्यामुळे मागचे सारे दृश्य गोठलेले असतानाही बाण मोकळेपणाने हिंडताना दिसतो, आणि दोष एखाद्या कार्यक्रमाचा असावा असा गैरसमज होतो. बाण हलतो, दिवा लागतो, पण एकही खिडकी हलत नाही, हे या दुखण्याचे सर्वांत नेहमीचे रूप होय.

एका मध्यस्थाच्या अडण्याने सबंध यंत्र वेठीस धरले जावे, अशी रचना झालीच कशी, याला इतिहास आहे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी या कार्यप्रणालीच्या आरंभीच्या आवृत्त्यांत चित्ररेखाटनाचा बराचसा भाग गाभ्याच्या बाहेर ठेवलेला होता. तो बिघडला तरी गाभा सुरक्षित राहावा हा त्यामागचा हेतू. परंतु गाभ्याच्या आतबाहेर वारंवार येण्याजाण्यात वेळ जाई आणि चित्रे मंद उमटत. १९९६ साली आलेल्या एनटी ४.० मध्ये वेगासाठी हे काम गाभ्याच्या आत नेण्यात आले. वेग वाढला खरा, पण त्याची किंमत अशी पडली की ग्राफिक्स ड्रायव्हरची चूक ही आता सबंध कार्यप्रणालीची चूक ठरू लागली, आणि निळ्या पडद्याचे दर्शन घरोघरी होऊ लागले. जानेवारी २००७ मध्ये जनतेसाठी विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टाने ड्रायव्हरचे दोन भाग केले: मोठा व गुंतागुंतीचा भाग पुन्हा गाभ्याबाहेर आणि छोटा भाग आत. ही पुनर्रचना योग्य दिशेची होती, हे माझे मत आहे. मात्र नवे ड्रायव्हर लिहिण्यास निर्मात्यांना पुरेसा अवकाश मिळाला नाही. पुढे अमेरिकेतील एका खटल्याच्या निमित्ताने मायक्रोसॉफ्टचे जे अंतर्गत कागद उघड झाले, त्यांत २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या बिघाडांपैकी जवळजवळ २९ टक्के एनव्हीडिया या एकाच कंपनीच्या ड्रायव्हरांच्या खाती मांडलेले होते.

त्याच व्हिस्टाने एक पहारेकरीही नेमला, आणि आजच्या विंडोज १० व ११ मध्ये तो कामावर आहे. ग्राफिक्स चिपला दिलेले काम दोन सेकंदांच्या मुदतीत पुरे झाले नाही आणि मध्येच बाजूला ठेवा असे सांगूनही तिने ते ठेवले नाही, तर चिप अडली असे तो ठरवतो, ड्रायव्हरची व चिपची स्थिती पुसून दोघांना नव्याने सुरू करतो, आणि पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. कोपऱ्यात ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, आता तो पूर्ववत झाला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना पूर्वी झळके, ती याचीच. इव्हेंट व्ह्यूअर नावाच्या रोजनाम्यात या घटनेची नोंद ४१०१ या क्रमांकाखाली होते. एका मिनिटात पाचांहून अधिक वेळा असे घडले तर मात्र पहारेकरी हात टेकतो आणि निळा पडदा दाखवून यंत्र थांबवतो. यावरून व्यवहारातला पहिला नियम निघतो: पडदा गोठल्यावर बटनाकडे हात नेण्यापूर्वी अर्धा मिनिट स्वस्थ थांबावे, कारण सुटका होणार असेल तर ती बहुधा तेवढ्या अवधीत आपोआप होते.

आपोआप झाली नाही तर ती मागून घेता येते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटने एकदम दाबली की कार्यप्रणालीला ग्राफिक्स यंत्रणा पुन्हा मांडण्याचा हुकूम जातो. बारीक आवाज होतो, पडदा लुकलुकतो, आणि पुष्कळदा अडलेली रांग मोकळी होऊन अर्धा भरलेला अर्ज जसाच्या तसा समोर येतो. एवढी उपयोगाची गोष्ट इतकी अप्रसिद्ध राहावी याचे मला वाईट वाटते. संगणक शिकवणाऱ्या वर्गांतून, एमएस-सीआयटीसारख्या गावोगाव पोहोचलेल्या अभ्यासक्रमांच्या सरावातून, ही चार बटने पहिल्याच आठवड्यात मुलांच्या बोटांखाली यावीत.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. सेवा केंद्रावरचे काम म्हणजे अर्ज आणि दाखले. त्यांत खेळ नाहीत, चित्रपट नाहीत, मग ग्राफिक्स चिपवर ताण पडावाच का? याचे एक उत्तर आपल्या लिपीपाशी येते. जुन्या संगणकांच्या मजकूर-पद्धतीत पडद्याचे ८० रकाने आणि २५ ओळी पाडलेल्या असत आणि प्रत्येक घरात एक ठरीव रोमन अक्षर बसे. वेलांट्या, काने, मात्रा आणि जोडाक्षरे अंगावर वागवणारी देवनागरी त्या घरांत मावणारी नव्हती. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेलेल्या कामातून जिस्ट कार्ड निघाले. ते संगणकात खोचले की डॉसवरच्या साध्या कार्यक्रमांतही भारतीय लिप्या पडद्यावर दिसू लागत. या कामाशी निगडित असलेले मोहन तांबे यांचे नाव इन्स्क्रिप्ट कळफलकाच्या संदर्भातही आदराने घेतले जाते. म्हणजे मराठी अक्षर संगणकाच्या पडद्यावर आले ते एका कार्डाच्या आधाराने, चित्ररूपाने आले. आज निराळे कार्ड लागत नाही, तरी अक्षराचे गुळगुळीत चित्र काढण्याचे, पान वरखाली सरकवण्याचे आणि सातबाराच्या चौकटी रंगवण्याचे पुष्कळसे काम ब्राउझर ग्राफिक्स चिपकडेच सोपवतो. साध्या दिसणाऱ्या पानामागेही ती चिप अखंड राबत असते.

आता भंडाऱ्याच्या हवेकडे वळू, कारण ड्रायव्हरच्या नावावर जमा होणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच खरोखरी ऊन, धूळ आणि वीज यांच्या असतात. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि कौलारू वा टिनाच्या छपराखालची खोली दुपारी ४० अंशांच्या खाली क्वचितच असते. पंख्याच्या हवेने थंड होणारी चिप भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. ती त्या हवेहून काही ठरावीक अंश वरच राहते. थंडीत २५ अंशांच्या खोलीत जी चिप ७० अंशांवर सुखाने काम करते, तीच मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत त्याच कामासाठी ८७ अंशांपर्यंत चढते. बहुतेक चिपा ८५ ते १०० अंशांच्या दरम्यान कोठेतरी स्वसंरक्षणार्थ आपला वेग उतरवतात. वेग उतरला की कामाला वेळ लागतो, दोन सेकंदांची मुदत चुकण्याचा संभव वाढतो. आणि त्याहून वर गेल्यास हिशेबच चुकू लागतात. डिसेंबरात न होणारे हँग मे महिन्यात दुपारी बारा ते चारच्या दरम्यान वाढत असेल, तर ड्रायव्हर बदलण्याच्या खटाटोपापूर्वी सीपीयूच्या डब्याची बाजूची पत्रे काढून आत पाहावे, हे शहाणपणाचे.

आत जे दिसते ते बहुधा दुःखदच असते. हा भाताचा मुलूख आहे. राइस मिलच्या परिसरात धानाचा कोंडा आणि तुसाची बारीक भुकटी हवेत तरंगत असते आणि थंड हवेसोबत पंख्यातून थेट उष्णता काढणाऱ्या पात्यांवर जाऊन बसते. त्यात आपल्या घराघरांतील कुलरची भर पडते. कुलर खोलीची हवा गार करतो हे खरे, परंतु तो ओलावाही आणतो. कुलरच्या तोंडासमोर ठेवलेल्या यंत्रात कोंड्याची भुकटी आणि ओलावा मिळून पात्यांमध्ये नमद्यासारखा थर धरतो, आणि कार्डाच्या व स्मृतिपट्टीच्या सोनेरी संपर्कांवर मळ चढतो. म्हणून यंत्र कुलरच्या झोताबाहेर, जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. दर दोन-तीन महिन्यांनी मऊ कुंचल्याने व ब्लोअरने ते झाडावे, झाडताना पंखा बोटाने धरून ठेवावा. आणि कार्ड काढून त्याचे संपर्क हलक्या हाताने खोडरबराने घासून, कण राहू न देता पुसून पुन्हा घट्ट बसवावे. गावोगावचे दुरुस्ती करणारे कारागीर हा खोडरबराचा उपाय पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवासारखा वापरतात, आणि तो पुष्कळदा गुण देतो. यंत्रे पाच-सहा वर्षे जुनी असतील तर चिप आणि तिच्या पात्यांमधला थर्मल पेस्टचा लेप वाळून त्याची खपली झालेली असते. तो लेप नव्याने लावल्यास तापमानात डोळ्यांत भरण्याइतका फरक पडतो.

विजेची कथा निराळी. संगणकाचा पॉवर सप्लाय आतमध्ये थोडी वीज साठवून धरतो आणि पुरवठा तुटल्यास पूर्ण भारावर सुमारे १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, असे त्याच्या मानकात अपेक्षित असते. साध्या घरगुती इन्व्हर्टरला बदलीसाठी याहून जास्त वेळ लागू शकतो, तर संगणकासाठी बनवलेला यूपीएस सहसा तेवढ्या अवधीत भार उचलतो. ज्या फेजवर कुलरची मोटर किंवा पाण्याचा पंप आहे त्याच फेजवर संगणक असेल, तर मोटर सुरू होताना दाब खाली बसतो आणि जुना, थकलेला पॉवर सप्लाय तो खड्डा भरून काढू शकत नाही. सबंध यंत्र बंद पडत नाही, पण ग्राफिक्स कार्डाला लागणारा प्रवाह क्षणभर कमी पडतो आणि तेवढ्याने ते अडते. कुलर चालू करताच पडदा गोठतो, असे कोणी सांगितले तर ती अंधश्रद्धा समजून हसू नये. संगणकासाठी निराळे सर्किट, खरा यूपीएस, आणि अर्थिंगची तपासणी यांचा बंदोबस्त करावा.

हे सारे करूनही दोष उरला, तर मग ड्रायव्हरकडे वळावे. येथेही क्रम महत्त्वाचा आहे, आणि सर्वांत सौम्य तजवीज आधी करावी. सेवा केंद्रांचे जवळजवळ सर्व काम ब्राउझरमध्ये चालते. म्हणून क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम या सदराखाली ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन वापरण्याची जी परवानगी दिलेली असते, ती काढून घ्यावी आणि ब्राउझर पुन्हा उघडावा. मग पान रंगवण्याचे काम मुख्य प्रोसेसर स्वतः करतो. चलच्चित्रे किंचित अडखळतील, पण अर्ज, उतारे आणि दाखले यांच्या वेगात फरक जाणवणार नाही. ग्राफिक्स चिपला कामच कमी पडल्यामुळे तिच्या अडण्याचे प्रसंग एकदम घटतात. माझ्या मते खर्च शून्य आणि लाभ मोठा असा याच्याइतका दुसरा उपाय नाही.

दुसरी गोष्ट यंत्र बंद करण्याच्या रीतीची. विंडोज ८ पासून यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून ‘शट डाउन’ या आज्ञेचा अर्थ बदलला आहे. त्या आज्ञेने वापरकर्त्याचे कार्यक्रम बंद होतात, परंतु गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती चकतीवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणजे काल सायंकाळी बिघडलेला ड्रायव्हर रात्रभर बंद असलेल्या यंत्रातून आज सकाळी तसाच बिघडलेला परत येऊ शकतो. ‘रीस्टार्ट’ ही आज्ञा मात्र सारे पुसून नव्याने आरंभ करते. गोठण्याचा त्रास असलेल्या यंत्रावर दिवसातून एकदा तरी रीस्टार्ट द्यावा, किंवा पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप कायमचा बंद करावा. त्याच ठिकाणी पीसीआय एक्सप्रेसच्या सदरात लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट नावाची वीजबचत असते. कार्डाला झोपवण्या-उठवण्याच्या या व्यवहारात जुनी कार्डे अडखळतात, म्हणून तीही बंद ठेवून पाहावी.

ड्रायव्हर बदलण्याच्या बाबतीत आपल्याकडे एक समजूत पक्की बसली आहे की सर्वांत नवा तो सर्वांत चांगला. ती नेहमीच खरी ठरत नाही: २०१० सालच्या मार्च महिन्यात एनव्हीडियाने १९६.७५ या क्रमांकाचा ड्रायव्हर प्रसिद्ध केला आणि थोड्याच दिवसांत मागे घेतला, कारण त्याच्यामुळे काही कार्डांच्या पंख्यांची गती योग्य राखली जात नव्हती आणि कार्डे तापत होती. गोठणे ड्रायव्हरच्या एखाद्या अद्ययावतीकरणानंतर सुरू झाले असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन डिस्प्ले अ‍ॅडॉप्टरच्या गुणधर्मांत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हा पर्याय निवडावा आणि आधीच्या, चालत असलेल्या आवृत्तीवर परतावे. अनेक ड्रायव्हर एकावर एक चढवून गोंधळ झाला असेल, तर इंटरनेटचा धागा तोडून, सेफ मोडमध्ये जाऊन, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या साधनाने सर्व अवशेष काढावेत आणि यंत्राच्या निर्मात्याने त्या नमुन्यासाठी दिलेला ड्रायव्हर घालावा. धागा तोडायचा तो यासाठी, की विंडोज अपडेट आपल्या पाठीमागे आपल्या पसंतीचा ड्रायव्हर पुन्हा बसवते.

सेफ मोड चालतो कसा, हे समजले तर शेवटची आणि सर्वांत खात्रीची तजवीजही समजते. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए हे प्रमाण रूढ केले तेव्हापासून डेस्कटॉपवरील ग्राफिक्स यंत्रणांना निर्मात्याच्या विशेष ड्रायव्हरवाचून चालणारी अशी एक साधी सर्वमान्य बोली शिकवली जात आली आहे. विंडोज आपला ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ वापरते तेव्हा चिपच्या विशेष करामतींना हातच लावला जात नाही. पडद्याची बारीकी कमी मिळते, दुसरा पडदा जोडता येत नाही, पण दाखले काढता येतात. जुन्या एकात्म ग्राफिक्सच्या काही यंत्रांना विंडोज १० साठी निर्मात्याने स्वतःचा ड्रायव्हर कधी दिलाच नाही. अशा यंत्रांवर ऐन हंगामात हा साधा अ‍ॅडॉप्टर निवडणे ही मला माघार वाटत नाही, ती योग्य योजना वाटते.

ज्यांचे पोटच चित्रांवर आहे त्यांना ही सवलत घेता येत नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, शेजारच्या वडशाच्या नाटक मंडळ्या झाडीपट्टीच्या रंगभूमीचा हंगाम सुरू करतात, आणि साकोली-लाखांदूरकडील फ्लेक्सवाल्यांच्या संगणकांवर एकेक फलक शेकडो मेगाबाइटांचा होतो. त्यांच्याकडे गोठण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की एखादा मोठा परिणाम चढवण्यास चिपला प्रामाणिकपणे दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि पहारेकरी तिला उगाच अडलेली समजतो. रजिस्ट्रीमध्ये टीडीआर-डिले या नावाची किंमत आठ किंवा दहा सेकंद केली की तिला आपले काम पुरे करण्यास अवसर मिळतो. रजिस्ट्री हे कार्यप्रणालीचे मूळ दफ्तर आहे. त्यात हात घालण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी, आणि चिप तापून अडत असेल तर हा उपाय मुळीच करू नये, कारण मग गोठण्याची मुदत तेवढी लांबते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यानंतर जुन्या यंत्रांवर लिनक्स बसवण्याचा विचार होऊ लागला आहे, आणि तेथेही हे दुखणे अपरिचित नाही. पडदा गोठला असता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ दाबून मजकुराच्या पडद्यावर जाता येते व अडलेला कार्यक्रम तेथून थांबवता येतो. तेही न जमल्यास ऑल्ट आणि सिस-आरक्यू धरून अनुक्रमे एस, यू, बी दाबल्यास चकतीवरचे लिखाण पुरे करून यंत्र नव्याने सुरू होते, जे बटन दाबून धरण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. सुरू होतानाच पडदा काळा राहत असेल तर ‘नोमोडसेट’ हा शब्द आरंभाच्या ओळीत घातला की साध्या चित्रावर काम निघते. इंटेलच्या बे ट्रेल पिढीतील स्वस्त यंत्रांवर लिनक्स दीर्घकाळ गोठत असे आणि लोक दोष ग्राफिक्सला देत. प्रोसेसरला गाढ वीजबचतीच्या अवस्थेत जाऊ न दिल्यास ते थांबे, हे पुष्कळांनी परस्परांच्या नोंदी ताडून शोधून काढले. म्हणून प्रत्येक केंद्राने एक वही ठेवावी आणि पडदा गोठला की तारीख, वेळ, खोलीतील उष्मा, वीज गेली होती काय, कोणता कार्यक्रम उघडा होता, एवढे पाच रकाने भरावेत. महिन्याभराच्या नोंदींत ऊन, वीज आणि ड्रायव्हर यांपैकी अपराधी कोण हे बहुधा स्पष्ट होते.

काही वेळा वही न पाहताही निर्णय करावा लागतो. यंत्र सुरू होताच, विंडोज येण्यापूर्वीच्या निर्मात्याच्या खुणेवरच जर रंगीत पट्टे, ठिपके वा फाटलेली अक्षरे दिसत असतील, तर ड्रायव्हर अद्याप जागाही झालेला नसतो आणि दोष कार्डाच्या किंवा त्याच्या स्मृतीच्या धातूत असतो. अशा कार्डावर पैसा आणि वेळ घालवू नये. यंत्र बंद करून, विजेचा धागा काढून ते कार्ड उतरवावे आणि मॉनिटरची तार मदरबोर्डावरील जागेत जोडावी. दाखल्यांच्या कामाला प्रोसेसरमधील एकात्म ग्राफिक्स पुरून उरते. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाअखेर एफ हे अक्षर असते त्यांच्यात ही एकात्म यंत्रणा चालू नसते, आणि ती नसताना कार्ड काढले तर पडद्यावर काहीच येणार नाही. तेव्हा कार्डाचा स्क्रू सोडवण्यापूर्वी तो क्रमांक पाहून घ्यावा.